सर्प व बेडूक यांच्या संघटित शिकारीचे नियमन : अनुज्ञापत्राचा विचार

वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे सामान्यतः दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. शिकार सर्वस्वी बंद करावी, असे एक पक्ष म्हणतो. परंपरेने वा उपजीविकेसाठी जे चालत आले आहे ते चालू द्यावे, असे दुसरा म्हणतो. या दोहोंमध्ये अनुज्ञापत्राचा, म्हणजेच परवान्याचा मार्ग आहे. ठराविक व्यक्तींना, ठराविक हेतूसाठी, ठराविक संख्येत प्राणी पकडण्याची मुभा द्यावयाची आणि त्या मुभेस अटींची चौकट घालावयाची, असे त्याचे स्वरूप असते. सरीसृप व उभयचर प्राण्यांच्या बाबतीत हा मार्ग कोणत्या परिस्थितीत उपयुक्त ठरतो आणि कोणत्या परिस्थितीत निव्वळ कागदी राहतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागांच्या निमित्ताने २०२५ साली हा प्रश्न पुन्हा पुढे आला असल्याने तो केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

आरंभी 'शिकार' या शब्दाचा कायद्यातील अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानुसार शिकार म्हणजे केवळ वध नव्हे. जिवंत प्राणी पकडणे, त्यास सापळ्यात अडकविणे, इतकेच नव्हे तर सरीसृपांच्या अंड्यांस उपद्रव देणे, या साऱ्यांचा तीत समावेश होतो. त्यामुळे नाग पकडून, त्याची पूजा करून, त्यास सुखरूप सोडून देणाऱ्यानेही कायद्याच्या दृष्टीने शिकारच केलेली असते. मूळ अधिनियमात शिकारीचे निरनिराळे परवाने देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली व कलम ९ अन्वये संरक्षित प्राण्यांच्या शिकारीस सर्वसाधारण मनाई झाली. कलम १२ मात्र कायम राहिले. शिक्षण, शास्त्रीय संशोधन, शास्त्रीय व्यवस्थापन, प्राणिसंग्रहालये व वस्तुसंग्रहालये यांसाठी नमुने गोळा करणे आणि जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष मिळविणे, एवढ्याच हेतूंसाठी राज्याच्या मुख्य वन्य जीव रक्षकास कारणे नमूद करून लेखी अनुज्ञापत्र देता येते. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असल्यास त्यापूर्वी केंद्र शासनाची, इतर प्राण्यांच्या बाबतीत राज्य शासनाची संमती घ्यावी लागते. मनोरंजन, स्पर्धा अथवा पूजा हे हेतू या यादीत नाहीत.

हेतू निश्चित झाला तरी मोजमापाचा अधिक कठीण प्रश्न शिल्लक राहतो. बेडकांच्या व्यापाराचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. भारतातून बेडकांच्या गोठविलेल्या तंगड्या अनेक वर्षे परदेशी जात असत. १९८१ च्या सुमारास ही निर्यात वर्षाला चार हजार टनांच्या वर गेली होती. टन हे माप व्यापाऱ्याच्या सोयीचे आहे. किती प्राणी पकडले, ते कोणत्या वयाचे होते, नर किती व माद्या किती, अंडी घालण्यापूर्वी पकडले की नंतर, यांपैकी कशाचाही बोध त्यातून होत नाही. मोठ्या भारतीय बेडकाचे जीवनचक्र पाहिले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य कळते. पहिल्या जोरदार पावसाबरोबर हे बेडूक बाहेर पडतात. नर पिवळेधमक होऊन साचलेल्या पाण्यात ओरडू लागतात आणि प्रजननाचा हंगाम सुरू होतो. नेमक्या याच रात्री ते विजेरीच्या उजेडात सहज हाती लागतात. म्हणजे ज्या काळी पकडणे सर्वांत सुलभ, त्याच काळी पकडल्याने पुढील पिढीची हानी सर्वांत अधिक होते. १९८५ साली अशा व्यापारातील दोन जाती सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आल्या व १९८७ साली भारताने निर्यातच बंद केली.

हाच विचार सर्पांना कसा लागू पडतो, हे अमेरिकेतील दोन राज्यांच्या तुलनेवरून स्पष्ट होईल. टेक्सासमधील स्वीटवॉटर या गावी १९५८ पासून रॅटल सर्पांचा, म्हणजे शेपटीने खुळखुळ असा आवाज करणाऱ्या विषारी सर्पांचा, वार्षिक मेळावा भरतो. तेथे आणलेल्या सर्पांचा हिशेब वजनावर असतो. याउलट पेन्सिल्व्हेनिया राज्यात सरीसृप व उभयचर यांचे नियमन मत्स्य व नौका आयोगाकडे असून सर्प पकडण्याच्या संघटित मेळाव्यासाठी आयोजकांना स्वतंत्र अनुज्ञापत्र घ्यावे लागते. तेथील जंगली रॅटल सर्पाविषयीचा नियम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. परवानाधारकास वर्षाला एकच सर्प घेता येतो. तोही जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून जुलैअखेरपर्यंतच्या मुदतीत. सर्पाची लांबी किमान ४२ इंच हवी आणि त्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूस २१ किंवा अधिक खवले हवेत.

खवले मोजण्याची ही अट वरवर विक्षिप्त वाटते. परंतु तिच्यामागे शरीररचनेचे ज्ञान आहे. नराची जननेंद्रिये शेपटीच्या मुळाशी आत सामावलेली असल्याने त्याची शेपटी मादीपेक्षा लांब असते व तिच्यावरील खवलेही अधिक असतात. म्हणजे खवल्यांची संख्या ही लिंग ओळखण्याची खूण होय आणि या अटीमुळे माद्यांना संरक्षण मिळते. ते आवश्यकही आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशात या सर्पाच्या मादीला प्रथम पिले होण्यास सात-आठ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि त्यानंतरही दोन विणींत तीन-चार वर्षांचे अंतर पडू शकते. अशा एका प्रौढ मादीची जागा भरून निघण्यास किती काळ लागेल, याचे गणित वजनकाट्यावर करता येणार नाही.

पकडलेला प्राणी परत सोडला म्हणजे हानी होत नाही, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. हॉवर्ड राइनर्ट व रॉबर्ट रूपर्ट यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेन्सिल्व्हेनियातील काही रॅटल सर्प त्यांच्या मूळ प्रदेशापासून दूर नेऊन सोडले व त्यांच्या हालचालींची तुलना स्थानिक सर्पांशी केली. नव्या जागी सोडलेले सर्प फार अधिक भटकले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मरण पावले. स्थानिक सर्पांतील मृत्यूचे प्रमाण त्या मानाने फारच अल्प होते. बीळ, भक्ष्य व निवारा यांचे ठाव सर्पाला परिचयाने ठाऊक झालेले असतात. परक्या रानात त्याला हे सर्व नव्याने शोधावे लागते. तात्पर्य, 'नैसर्गिक अधिवासात सोडावे' ही अट अपुरी आहे. 'जेथे पकडला तेथेच सोडावा' असे अनुज्ञापत्रात स्पष्ट लिहिले पाहिजे.

आपल्या देशात या तत्त्वांचा व्यवहारात उपयोग झाल्याचे उत्तम उदाहरण तमिळनाडूत आहे. इरुळ ही तेथील सर्प पकडण्यात निष्णात असलेली जमात. सर्पचर्माचा व्यापार बंद झाल्यावर तिचे उपजीविकेचे साधन गेले. पुढे १९७८ साली चेन्नईजवळ इरुळ सर्पधारकांची सहकारी संस्था स्थापन झाली. या कामी सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांचा मोठा वाटा होता. वन खात्याच्या अनुज्ञापत्रानुसार संस्थेचे सभासद नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार जातींचे सर्प ठरलेल्या संख्येत पकडून आणतात. सर्प मडक्यांत ठेवतात, सुमारे तीन-चार आठवड्यांच्या काळात ठराविक अंतराने त्यांचे विष काढतात आणि मग त्यांना रानात सोडून देतात. सोडण्यापूर्वी पोटाकडील खवल्यावर खूण करतात. त्यामुळे तोच सर्प लवकर पुन्हा हाती लागल्यास ओळखू येतो. भारतातील प्रतिविषाच्या निर्मितीस लागणाऱ्या विषाचा मोठा भाग या संस्थेने पुरविला आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यावरून या कामाचे मोल ध्यानी येईल. मासी सदैयन व वडिवेल गोपाल या दोन इरुळ सर्पधारकांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली.

आता शिराळ्याकडे वळू. नागपंचमीच्या आधी शेतांच्या बांधांवरून नाग हुडकून आणावयाचे, मडक्यांत ठेवावयाचे, सणाच्या दिवशी त्यांची पूजा व मिरवणूक करावयाची व नंतर सोडून द्यावयाचे, ही तेथील जुनी प्रथा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर जिवंत नागांच्या या प्रथेस पायबंद बसला. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने नाग पहिल्या अनुसूचीत गेल्यामुळे अनुज्ञापत्रासाठी केंद्र शासनाची संमती आवश्यक झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक हेतूने व पारंपरिक ज्ञानाच्या प्रसारासाठी २१ नाग काही दिवसांपुरते पकडण्यास संमती दिली. मनोरंजन, स्पर्धा व व्यापार यांस मनाई केली.

या निर्णयाचे समर्थन वा निषेध करण्यापेक्षा वरील कसोट्या त्यास लावून पाहणे अधिक फलदायी होईल. २१ ही मर्यादा घालण्यात आली, हे योग्यच झाले. पण परिसरातील नागांची गणना झाल्याशिवाय ती मोठी की लहान हे कोणालाही सांगता येणार नाही. नागीण उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या आरंभी अंडी घालते, त्यामुळे श्रावणातील शोध अंड्यांच्या वा नवजात पिलांच्या आसपास होण्याचा संभव आहे. यासाठी पकडलेल्या प्रत्येक नागाची जागा, दिनांक, लांबी व लिंग यांची नोंद व्हावी. अंड्यांजवळची नागीण मुळीच हलवू नये. नाग पकडला त्याच बांधावर सोडावा. ही नोंद प्रसिद्ध व्हावी आणि पुढील वर्षीची संख्या तिच्या आधारेच ठरावी. शिक्षण हा हेतू असेल तर कोण काय शिकले, याचेही उत्तर त्या नोंदीत मिळाले पाहिजे.

बांधावरच्या माग-खुणांवरून नागाचे बीळ ओळखणारा शिराळकर हा प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाचा सहकारी होऊ शकतो, हे इरुळांच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे. निव्वळ बंदीने हे ज्ञान एका पिढीत नाहीसे होईल. नोंदीवाचून दिलेल्या मुभेने कदाचित नागच नाहीसे होतील. अनुज्ञापत्रामुळे दोन्ही टिकण्याचा संभव आहे. मात्र ते देणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराइतकीच प्राण्याच्या जीवनक्रमाचीही विचारपूस केली पाहिजे.