हेराचा एकुलता साक्षीदार

चोरांच्या गोटांत शिरलेल्या हेरास भय कोणाचें? चोरांचें, असें कोणीहि म्हणेल. हाँगकाँगमध्यें २००२ सालीं निघालेला ‘इन्फर्नल अफेअर्स’ हा बोलपट निराळें उत्तर देतो. त्यांतील चॅन या उमेदवारास पोलिसशाळेंतून काढल्याचें भासवून गुंडांच्या टोळींत पेरलेलें असतें. वर्षानुवर्षें तो गुंड म्हणून वावरतो. प्रसंगीं तारखात्याच्या मोर्स लिपींत बोटानें टकटक करून बातमी पोंचवितो. तो पोलिस आहे हें जाणणारा अखेर एकच इसम उरतो, त्याचा वरिष्ठ वाँग. टोळीवाले वाँगला गच्चीवरून फेंकतात, आणि चॅन जगाच्या दृष्टीनें नुसता गुंड राहतो! मग तो ज्या अधिकाऱ्याकडे विश्वासानें जातो, तोच टोळीनें पोलिसांत पेरलेला निघतो (ही दुहेरी पेरणी हीच कथेची खरी करामत), आणि संगणकांतील चॅनची नोंद पुसून टाकतो. बोलपटाचें मूळ चिनी नांव अवीचि नरकावरून, म्हणजे जेथें यातनांस खंड नाहीं अशा ठिकाणावरून, घेतलेलें आहे. मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं २००६ सालीं हीच कथा ‘द डिपार्टेड’ या नांवानें बॉस्टनला नेली व सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळविलें. तेथेंहि हेराची नोंद पुसली जाते. अवीचीचें नांव तेवढें गळलें.