गाणं तेच, गळा वेगळा

"अजून तेच ऐकतोस?" पस्तिशी ओलांडली तरी हा प्रश्न काही माझा पिच्छा सोडत नाही. ऑफिसात कोड लिहिताना माझ्या कानात हेडफोन असतात आणि हेडफोनमध्ये मेटल. हा आरडाओरडा कॉलेजबरोबरच संपायला हवा होता, असं घरच्यांचं मत.

मेटल म्हटलं की लांब केस, काळे टी-शर्ट आणि किंचाळणं आठवतं. पण त्यातली माझी आवडती शाखा वेगळी आहे, सिंफनिक पॉवर मेटल. पॉवर मेटलचा पाया घातला हॅम्बुर्गच्या हॅलोविन या बँडनं, १९८७-८८ मध्ये आलेल्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज'च्या दोन भागांतून. सुसाट ड्रम, गुणगुणता येईल अशी चाल आणि उंच स्वरातलं स्वच्छ गाणं. पुढे त्यात व्हायोलिनचा ताफा आला, समूहगान आलं. इटलीच्या ऱ्हॅप्सडी बँडनं राजे-जादूगारांची कथाच अल्बमांमधून सांगितली. त्यांच्या २००४ च्या अल्बमला निवेदन आहे ख्रिस्तोफर ली यांचं. होय, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सारुमान!

मी अडकलो तो नाइटविशमध्ये. फिनलंडमधल्या किते या लहानशा गावात १९९६ साली हा बँड जन्मला. गाणी रचणारा कीबोर्डवादक टुओमास होलोपाइनन आणि ऑपेराच्या तालमीतला गळा असलेली तारया टुरुनेन. दहावीत असताना मित्रानं 'वन्स' या अल्बमची सीडी दिली. त्यातलं 'घोस्ट लव्ह स्कोअर' हे गाणं तब्बल दहा मिनिटांचं. मध्येच गिटार थांबतात, काही वेळ नुसता वाद्यवृंद चालतो, मग सगळे एकत्र परततात. गिटारचा खरखरीत आवाज मधली पट्टी भरून टाकतो, वर व्हायोलिन, खाली बेस आणि सगळ्यांना छेदून जाणारा तारयाचा स्वर. इतके थर, पण एकही दुसऱ्याच्या पायात येत नाही. इंजिनियर होण्याआधीच मला चांगलं डिझाइन म्हणजे काय ते कळलं होतं!

ऑक्टोबर २००५. हेलसिंकीतला मोठा कार्यक्रम आटोपला आणि बँडनं खुलं पत्र लिहून तारयाला काढून टाकलं. दांडिया बाजाराजवळच्या सायबर कॅफेत मी ते वाचलं आणि चिडलो. नवी गायिका आली, २०१२ मध्ये दौऱ्याच्या मधूनच तीही गेली, मग नेदरलँड्सची फ्लोर यान्सेन आली. मी नव्यांचं एक गाणं ऐकलं नाही. तारयाचं गाणं दुसऱ्या कुणी म्हणायचंच कशाला?

हा हट्ट आमच्या घरातलाच. आजीकडे 'कट्यार काळजात घुसली'ची जुनी कॅसेट होती. "खाँसाहेब म्हणजे वसंतरावच," हा तिचा शेवटचा शब्द. २०१५ साली सिनेमा आला तेव्हा तिनं नाक मुरडलं. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा मी तिला जबरदस्तीनं बसवलं. त्यात खाँसाहेबांना आवाज आहे राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. आजीनं डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाली, "वसंतराव नव्हेत रे हे. पण गाणं जिवंत आहे."

त्या रात्री मी फ्लोरचं 'घोस्ट लव्ह स्कोअर' लावलं, जर्मनीतल्या वाकेन महोत्सवातलं, २०१३ चं. तिनं तारयाची नक्कल केलेली नाही. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत ती स्वर असा काही चढवते की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी कुणाला शिक्षा देत होतो? स्वतःलाच.

आजी आता नाही. आमचं मराठी "गुजराती वळणाचं" झालंय म्हणून ती कायम कुरकुरायची. परवा मंडळाच्या गणपतीत माझ्या भाचीनं नाट्यपद म्हटलं, तेही अगदी त्याच वळणाच्या उच्चारांत. दोन-तीन ज्येष्ठ कुजबुजले. मी मात्र सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

तुम्हीही एकदा हेडफोन लावून ती दहा मिनिटं ऐका. आधी तारयाची, मग फ्लोरची. कोण सरस, ते ठरवायची घाई मात्र करू नका.