कोयता उगारला की आठवतं काय?

ऊसतोडीच्या पट्ट्यात ‘कोयता’ हे नुसत्या हत्याराचं नाव नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो तीही कोयत्यावर. दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी तालुक्यातून ज्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, त्यांच्या तोंडी या एका शब्दात संसार, कर्ज आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांची मजुरी सामावलेली असते. पुण्याच्या वर्तमानपत्रांत हाच शब्द ‘गँग’ला चिकटून येतो. मग एखाद्या गाण्याच्या व्हिडिओत तरुण कोयता उगारून कॅमेऱ्याकडे चालत आला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? वस्तू तीच, पण वाचणारे दोन. चिन्हमीमांसा नावाचं शास्त्र नेमकं इथूनच सुरू होतं. शब्द आणि त्याचा अर्थ यांचं नातं निसर्गानं नव्हे, समाजानं बांधलेलं असतं, हे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांचं म्हणणं त्यांच्या मृत्यूनंतर, 1916 साली पुस्तकरूपानं आलं. गाण्यातल्या दृश्यांनाही ते लागू पडतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले, ते इथे फार कामी येतात. पडद्यावरचा कोयता खऱ्या कोयत्यासारखा दिसतो, ही झाली प्रतिमा. त्याच्या मुठीला घामानं मळलेली चिंधी गुंडाळलेली असेल, तर ती खूण: धूर जशी आगीची, तशी चिंधी कामाची. आणि कोयता म्हणजे दहशत हा संकेत, म्हणजे लोकांनी सवयीनं मान्य केलेला अर्थ. व्हिडिओ करणारा बहुधा चिंधी काढून टाकतो, पातं चकचकीत ठेवतो, वर लाल उजेड सोडतो. खूण पुसली की कष्ट दिसेनासे होतात, उरतो तो धाकाचा संकेत. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी म्हटलं होतं की चित्राचे अनेक अर्थ संभवतात आणि सोबतचे शब्द त्यातला एक पक्का करतात. गाण्यात हे काम शब्दांइतकंच ठेकाही करतो. त्याच कोयत्यामागे संथ ओवीची चाल लावा, नाही तर डीजेचा दणका लावा, पाहणाऱ्याचं मन वेगवेगळ्या दिशांना जाईल.

यावर एक रास्त आक्षेप येतो: दिग्दर्शकाच्या मनात असलं काही नव्हतंच. नसेलही. पण ‘अर्धा कोयता’ म्हणणारा मुकादमही व्याकरणाचा विचार करत नाही, तरी माणसाला हत्याराच्या मापानं मोजण्याची पद्धत त्या शब्दातून बोलतेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की अशानं कशातूनही काहीही काढता येईल. त्याला उत्तर म्हणून एक साधी कसोटी आहे: चिन्ह बदलून पाहायचं. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ चित्रपटात (2016) पाटलाची मुलगी आर्ची बुलेट चालवते. तिला स्कूटीवर बसवा, किंवा बुलेट नायक परश्याच्या हाती देऊन तिला मागे बसवा. कथा पुढे सरकेल, पण पाटलाच्या घरातली सत्ता आणि ती सहज वापरणारी मुलगी, हे दोन्ही त्या दृश्यातून निघून जाईल. बदल केल्यावर अर्थ हलत नसेल, तर ते चिन्ह आपण ओढून-ताणून वाचलं, असं मान्य करावं.

मात्र कसोटी लावणाऱ्याला गाव ठाऊक हवं. पाथर्डी तालुक्यातल्याच मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. भटक्यांची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी जनावराचे दात, पाय, चाल पाहून व्यवहार होतात. शहरी गाण्यात गाढव दिसलं की हशा ठरलेला. मढीत तेच जनावर कुणाचं तरी भांडवल असतं. ही माहिती नसलेल्या अभ्यासकाकडे पर्स आणि बार्थ असले, तरी तो यात्रेच्या गाण्यातलं गाढव विनोद म्हणूनच वाचेल. कोयत्यालाही हीच कसोटी लावून पाहावी. चौकट तीच ठेवून तरुणाच्या जागी फडात ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडे जाणारी बाई उभी करा. गँगचा अर्थ तिथे टिकत नाही. एका कोयत्यातली निम्मी तीच असते.