रिपोर्ट कधी मिळेल?

मॅमोग्राफीला फार वेळ लागत नाही. स्तन दोन पट्ट्यांमध्ये क्षणभर दाबून धरतात, क्ष-किरणांनी प्रतिमा घेतात आणि अर्ध्या तासाच्या आत बाई खोलीबाहेर येते. लांबतात ते त्यानंतरचे दिवस. रिपोर्ट यायचा असतो, बायोप्सी झाली असेल तर तिचा निकाल यायचा असतो. तोवर घरचे म्हणतात, ‘काही नसेल गं, उगाच काळजी करतेस.’ कुणी मन खंबीर ठेवायला सांगतं, कुणी देवावर सोडायला. सांगणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पण काळजी वाटणं हा त्या बाईचा दुबळेपणा आहे आणि तो तिनेच आवरायचा, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मला ते मान्य नाही. या काळजीचा मोठा वाटा तपासणी कशी आखली आहे आणि निकाल कसा कळवला जातो, यातून तयार होतो. त्यामुळे तो कमी करण्याची पहिली जबाबदारी तपासणी करणाऱ्यांची आहे. बाईने स्वतःला कसं सांभाळावं हा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी तो त्यानंतरचा.

निकाल माहीत नसण्याचा भार किती असतो, हे मोजून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत एल्विरा लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाची बायोप्सी झालेल्या १२६ महिलांच्या लाळेतल्या कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचं प्रमाण तपासलं आणि २००९ मध्ये ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. बायोप्सीनंतर पाच दिवस उलटूनही नक्की उत्तर न मिळालेल्या महिलांमधला कॉर्टिसॉलचा चढउतार कॅन्सर असल्याचं कळलेल्या महिलांसारखा होता. गाठ साधी आहे हे कळलेल्या महिलांमध्ये तो वेगळा दिसला. अभ्यास लहान आहे, त्यावर सगळा डोलारा उभा करू नये. पण ‘अजून काही कळलेलंच नाही, मग त्रास कसला?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. डेन्मार्कमध्ये ब्रॉडर्सन आणि सिएर्स्मा यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आणखी पुढे जातो. तपासणीत संशय आला, पण शेवटी कॅन्सर नाही असं ठरलं, अशा महिलांच्या मनावरचा परिणाम तीन वर्षांनंतरही पूर्ण पुसला गेलेला नव्हता. ‘नॉर्मल आहे’ एवढं ऐकलं की सगळं विसरलं जातं, हा आपला समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा.

या काळजीत एक भाग निव्वळ गैरसमजाचा असतो आणि तो सहज कमी करता येतो. ‘पुन्हा बोलावलंय’ हे शब्द ऐकले की बहुतेक घरांत कॅन्सर ठरल्यासारखंच वातावरण होतं. ब्रिटनमध्ये १९८८ पासून सरकारी स्तन-तपासणी कार्यक्रम चालतो आणि पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी महिलांना मॅमोग्राफीसाठी बोलावलं जातं. तिथे तपासलेल्या दर १०० महिलांपैकी साधारण ४ जणींना पुढच्या तपासण्यांसाठी परत बोलावतात आणि त्या चौघींपैकी एकीला कॅन्सर निघतो. अमेरिकेत दरवर्षी मॅमोग्राफी करून घेणाऱ्या सुमारे निम्म्या महिलांना दहा वर्षांत एकदा तरी असं बोलावणं येतं, ज्यात शेवटी काहीच निघत नाही. हे आकडे कसलीही तक्रार नसताना तपासणीला येणाऱ्या महिलांचे आहेत. आपल्याकडे बऱ्याच जणी गाठ हाताला लागल्यावर येतात, त्यांना ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र रिपोर्टच्या शेवटी लिहिलेला ‘बायरॅड्स’चा आकडा दोन्हीकडे उपयोगी पडतो. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी प्रतिमा किंवा सोनोग्राफी हवी. एक आणि दोन म्हणजे काळजीचं कारण दिसत नाही. तीन म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, म्हणून सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. चार म्हणजे बायोप्सी करून खात्री करावी इतका संशय. पण या एका आकड्यात २ पासून ९५ टक्क्यांपर्यंतची शक्यता सामावते, म्हणून त्यापुढे ए, बी की सी लिहिलंय हे विचारायलाच हवं. पाच म्हणजे संशय फार दाट. हे समजावून न सांगता कागद हातात दिला, तर शून्य पाहून धीर येतो आणि तीन पाहून धडकी भरते. प्रत्यक्षात शून्याचा अर्थ अजून निदानच झालेलं नाही, एवढाच असतो.

निकालाला उशीर झाला की ‘नक्कीच काहीतरी वाईट असणार’ असा दुसरा गैरसमज डोकं वर काढतो. बायोप्सीत सुईने काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरवावा लागतो. हार्मोनशी संबंधित पुढच्या चाचण्या भरवशाच्या व्हाव्यात म्हणून हा काळ ६ ते ७२ तासांचा असावा, असे निकष आहेत. मग तो मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप करतात, रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही वेळा जास्तीचे काप किंवा खास रंगद्रव्यांच्या चाचण्या लागतात, काही वेळा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतलं जातं. मॅमोग्राफीचा रिपोर्ट तर अनेकदा जुन्या फिल्म मिळाल्या नाहीत म्हणून रखडतो, कारण आधीच्या आणि आताच्या प्रतिमांची तुलना केल्याशिवाय नवा बदल कोणता हे नीट सांगता येत नाही. उशिरामागे अशी कितीतरी कारणं असतात. उशीर म्हणजे निदान नव्हे. प्रयोगशाळेतल्या या काही दिवसांमुळे आजार हाताबाहेर जात नाही. भीतीपोटी तपासणीच महिनोन् महिने पुढे ढकलली किंवा रिपोर्ट आणायलाच गेलं नाही, तर मात्र नुकसान होतं.

इथे एक आक्षेप येतो. माहिती देणं हाच उपाय असेल, तर एक चांगली पुस्तिका छापून वाटली की काम झालं. पुरावा मात्र तसं सांगत नाही. बॉस्टन परिसरात आठ हजारांहून अधिक महिलांचा समावेश असलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन उपाय पारखले गेले: मॅमोग्राफी झाल्या झाल्या प्रतिमा वाचून तिथेच निकाल सांगणं, आणि माहितीपर साहित्य देऊन महिलांची तयारी करून घेणं. ज्यांच्या बाबतीत संशय खोटा ठरला, त्यांची तीन आठवड्यांनंतरची चिंता पहिल्या उपायाने कमी झाली. नुसत्या माहितीचा तसा परिणाम दिसला नाही. माझ्या मते यातून निघणारा धडा असा, की माहिती आवश्यक आहे पण पुरेशी नाही. वाट पाहण्याचा काळच आखूड करायला हवा, आणि तो जेवढा उरेल तेवढ्याला ठरलेला शेवट हवा. ब्रिटनमध्ये निकाल साधारण दोन आठवड्यांत कळवण्याची पद्धत आहे. अमेरिकेत मॅमोग्राफीचा निकाल ३० दिवसांच्या आत, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, थेट त्या महिलेला लेखी कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

‘आपल्याकडच्या गर्दीत हे कसं जमणार?’ हा पुढचा आक्षेप. तो खोटा नाही. एकेका डॉक्टरपुढे रांग असते आणि मॅमोग्राफीची यंत्रं मुख्यतः शहरांत एकवटलेली आहेत. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील महिलांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने तपासणी करावी, असं ठरलेलं आहे. पण इथेच मुंबईचा अनुभव वाट दाखवतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक महिलांवर मोठी चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात आजार तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयोगटांचा मिळून फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. ज्या सेविकांवर एवढी नाजूक तपासणी सोपवता येते, त्यांच्यावर ‘तुम्हाला पुढे का पाठवतेय, निकाल कधी येईल, तोवर मला कधी फोन करायचा’ हे सांगण्याचं कामही सोपवता येईल. केसपेपरवर निकालाची तारीख आणि एक फोन नंबर लिहायला यंत्र लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही.

तिसरा आक्षेप घरातून येतो. ‘तिला झेपणार नाही, रिपोर्ट आधी आम्हाला सांगा,’ असं नवरा किंवा मुलगा डॉक्टरांना सांगतो. मागे प्रेम असतं हे खरं, पण परिणाम उलटा होतो. बंद दाराआडची कुजबुज, अचानक वाढलेली माया, फोन घेऊन गॅलरीत जाणारी माणसं हे सगळं तिला दिसत असतं आणि न सांगितलेल्या गोष्टीची जागा सर्वांत वाईट कल्पना घेते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांकडे पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती आणि रिपोर्ट मिळण्याचा रुग्णाचा हक्क नोंदवला आहे. शरीर तिचं, निर्णय तिचे. निकालही आधी तिलाच कळायला हवा. तिला हवं असेल तर सोबत कोण असावं, हे तिनेच ठरवावं.

एवढं झाल्यावर तिने स्वतःसाठी काय करावं? कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला. मन सावरण्याच्या नेहमीच्या युक्त्यांनी त्यांची काळजी फारशी कमी झाली नाही. उलट जे काळजी करत राहिले, त्यांनी वाईट निकाल जास्त सावरून स्वीकारला आणि चांगल्याचा आनंदही अधिक घेतला. परीक्षा आणि आजार यांची बरोबरी होत नाही, पण काळजी वाटतेय म्हणून स्वतःला दोष देण्याचं कारण नाही, एवढा दिलासा त्यात आहे. स्वीनी यांच्याच पुढच्या कामात एका गोष्टीचा उपयोग दिसला: ज्यात भान हरपतं आणि हात-डोकं दोन्ही गुंततात असं काम. नुसता टीव्ही लावून बसण्यापेक्षा शिवण, बागकाम, शिकवणी, हिशेब यांतलं जे आपलं असेल ते उपयोगी. निघतानाच तीन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घ्यावीत: निकाल कोणत्या तारखेला, तो कोण सांगेल, त्या दिवशी आला नाही तर फोन कुणाला करायचा. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत सांभाळून प्रत्येक वेळी न्यावेत. रात्री इंटरनेटवर एकेक शब्द शोधण्यापेक्षा शंका कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा रोजची कामं थांबली असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावं. तो उपचाराचाच विषय आहे.

काळजीच इतकी असेल तर तपासणीच नको, असं मात्र कुणी म्हणू नये. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे आणि लवकर सापडलेल्या आजारावरचे उपचार सोपे असतात, यशाची शक्यताही मोठी असते. म्हणूनच वाट पाहण्याच्या काळाकडे दुर्लक्ष परवडणारं नाही: ज्या बाईला तारीख न देता, कारण न सांगता ताटकळत ठेवलं, ती पुढच्या वेळी येईलच याची खात्री कोण देणार? निकाल कळवण्याची पद्धत हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे. यंत्राचा दर्जा जसा तपासला जातो, तसंच किती महिलांना ठरलेल्या तारखेला, त्यांच्या भाषेत, थेट त्यांनाच निकाल कळला, हेही प्रत्येक केंद्राने मोजावं आणि आपण ते त्यांना विचारावं.