दाराची कुरकुर

घरातील सर्व मंडळी निजली असता आजाऱ्याच्या खोलीचे दार कितीही हळू लोटले, तरी ते नेमके त्याच वेळी किंचाळते. पुष्कळ घरांत यावर ठरलेला उपाय एकच : स्वयंपाकघरातील तेलाचे चार थेंब. आवाज थांबतो खरा. परंतु काही दिवसांनी तो पुन्हा सुरू होतो. याचे कारण दाराच्या हट्टात नाही, उपायाच्या उतावळेपणात आहे.

बिजागरीच्या दोन पाकळ्या एका खिळीभोवती फिरतात. ही खीळ कोरडी पडली, गंजली किंवा तिच्यावर धूळ व रंग साचला, म्हणजे धातू धातूस धरून ठेवतो. दार लोटताना ती क्षणभर अडते, ताण वाढताच सुटते आणि पुन्हा अडते. हे अडणे-सुटणे सेकंदात शेकडो वेळा घडले की त्याचा सूर होतो. राळ लावलेला गज सारंगीच्या तारेवर फिरतो, तेव्हाही हेच घडते. सारंगीत तो नाद चामड्याने मढविलेल्या पोकळीमुळे मोठा होतो. येथे दाराची रुंद फळी तेच काम करते. गती मंद असली की अडण्यास अधिक वाव मिळतो. म्हणूनच चोरपावलांनी उघडलेले दार अधिक ओरडते.

तेव्हा प्रथम दोष शोधावा. एकाने दार सावकाश हलवावे व दुसऱ्याने बोट फटीत न घालता प्रत्येक बिजागरीवर बाहेरून टेकवावे. जी बोलत असेल तिची थरथर बोटास जाणवते. नंतर दार मुठीस धरून किंचित उचलून फिरवावे. तेवढ्याने आवाज थांबला, तर दोष केवळ कोरडेपणाचा नाही. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार ओळंबले असण्याचा संभव आहे. अशा दारास कितीही तेल पाजले तरी व्यर्थ.

तेलातही भेद आहे. जवसाचे व करडईचे तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते. खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. म्हणजे थंडीच्या रात्री ते जागच्या जागी थिजते. शिवणयंत्राचे तेल खनिज असल्याने तसे वाळत नाही. जड दारास घट्ट वंगण अधिक काळ पुरते.

खीळ निघण्याजोगी असल्यास दाराखाली पाचर ठोकून त्यास आधार द्यावा आणि एका वेळी एकच खीळ काढावी. खालून खिळा टेकवून हातोडीने हलके ठोकल्यास ती वर सरकते. विस्तवापासून दूर बसून ती रॉकेलने पुसावी, गंज पॉलिश पेपरने घासावा, वंगणाचा पातळ थर द्यावा आणि खीळ परत बसवावी. खीळ पक्की बसविलेली असेल, तर सांधा पुसून वरून तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत, दार वीस-पंचवीस वेळा फिरवावे व बाहेर आलेली काळी घाण टिपून घ्यावी.

स्क्रूचे भोक रुंदावले असल्यास त्यात सरस लावलेल्या बांबूच्या काड्या ठोकाव्यात, सरस वाळू द्यावा आणि मग स्क्रू आवळावा. पावसाळ्यात मात्र एक विवेक हवा. दार चौकटीस घासू लागताच सुतारास बोलावून त्यावर रंधा मारण्याची घाई अनेक घरांत होते. लाकूड ओलीने फुगते हे खरे. पण ओळंबलेले दारही तसेच घासते. आधी बिजागरी तपासावी. सैल स्क्रूपायी तासलेले लाकूड परत येत नाही. पुढे हिवाळ्यात दार आकसते आणि मागे राहते ती कायमची फट.

कुरकुर ही बिजागरीची पहिली तक्रार होय. ती वेळीच ऐकली, तर काम अर्ध्या तासाचे असते. न ऐकली, तर खीळ झिजते, स्क्रू उपटतात आणि एके दिवशी जड दार लहान मुलाच्या अंगावर कलंडण्याचे भय उरते.