रॉकेट आधी फोनवर उडवा, मग मैदानात

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आठवीतला एक मुलगा न फुटलेले फटाके दप्तरात घालून शाळेत आला. त्यातली दारू काढून स्वतःचं रॉकेट बनवायचा त्याचा बेत होता, व्हिडिओवर बघितलेला. मी फटाके काढून घेतले, बादलीत भिजवले आणि त्याला चांगलं झापलं. फटाक्याची दारू नुसत्या घासण्यानेही पेटू शकते, बोटं जातात, डोळा जातो. शिवाय परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा 1884 च्या स्फोटक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

पण घरी आल्यावर वाटलं, त्या पोराचा सवाल चुकीचा नव्हता. "टीचर, रॉकेट किती वर जाईल?" एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. याचं उत्तर दारूला हात न लावता मिळतं, आणि तेही घरातल्या मोबाइलवर. कसं, ते पालकांसाठी लिहिते.

परदेशात मुलं दुकानातून मॉडेल रॉकेटची इंजिनं विकत घेतात. पुठ्ठ्याच्या नळीत भरलेलं ते छोटं इंजिन असतं आणि त्यावर अक्षर व आकडा असतो, उदाहरणार्थ सी-6. अक्षरावरून एकूण जोर कळतो. ए म्हणजे 2.5 न्यूटन-सेकंदपर्यंत, बी 5 पर्यंत, सी 10 पर्यंत, प्रत्येक पुढचं अक्षर मागच्याच्या दुप्पट. आकडा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. दाभोळच्या बाजारात ही इंजिनं मिळणार नाहीत, पण सिम्युलेशनमध्ये ती फुकट आहेत. सिम्युलेशन म्हणजे रॉकेटचं वजन, जाडी आणि इंजिनाचा रेटा सांगायचा, आणि प्रत्येक क्षणी ते कुठे असेल याचा हिशेब यंत्राकडून करून घ्यायचा.

या कामाचं सगळ्यात नावाजलेलं मोफत सॉफ्टवेअर म्हणजे ओपनरॉकेट. फिनलंडच्या सांपो निस्कानेन या विद्यार्थ्याने 2009 मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ते तयार केलं. अडचण ही की ते संगणकासाठी आहे आणि आपल्याकडे घरात संगणक कमी, मोबाइल जास्त. ॲप स्टोअरमध्ये 'रॉकेट सिम्युलेटर' शोधलं तर ढीगभर ॲप येतात, त्यातले बरेचसे खेळच असतात. स्पेसफ्लाइट सिम्युलेटर हा त्यातला चांगला खेळ आहे, कक्षा म्हणजे काय ते त्यात समजतं. पण आपल्या हातातलं पुठ्ठ्याचं रॉकेट किती वर जाईल, याच्यासाठी तो नाही. जे ॲप रॉकेटचं वजन आणि जाडी विचारतच नाही, त्याला सिम्युलेटर समजू नका. फोनबुक आणि लोकेशन मागत असेल तर आधी काढून टाका.

मी मुलांना वेगळा रस्ता दाखवला, गुगल शीट्स. बऱ्याच फोनमध्ये ते असतंच, नसेल तर फुकट मिळतं. फाइल ऑफलाइन ठेवली की नेटपॅकही जळत नाही.

समजा रॉकेट 100 ग्रॅमचं, म्हणजे 0.1 किलोचं आहे. इंजिन सी जातीचं, 5 न्यूटन रेटा 1.8 सेकंद देणारं. रॉकेटचं वजन 0.98 न्यूटन. आता शीटमध्ये रकाने करा: वेळ, रेटा, हवेचा विरोध, एकूण बल, त्वरण, वेग, उंची. प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या 0.1 सेकंद पुढची. रेट्यातून वजन आणि हवेचा विरोध वजा केला की एकूण बल. त्याला 0.1 किलोने भागलं की त्वरण. त्वरणाला 0.1 सेकंदाने गुणून मागच्या वेगात मिळवलं की नवा वेग, आणि वेगाला 0.1 सेकंदाने गुणून मागच्या उंचीत मिळवलं की नवी उंची. (दोन्ही 0.1 वेगळे आहेत. एक किलोचा, एक सेकंदाचा. आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी इथेच गोंधळ घातला.) 1.8 सेकंदांनंतर रेटा शून्य लिहायचा. सूत्र एकदा लिहून बोटाने खाली ओढलं की शंभरेक ओळी आपोआप भरतात. वेग शून्याच्या खाली गेला की थांबायचं, तिथे रॉकेट सगळ्यात वर असतं.

पहिल्या वेळी हवेचा विरोध शून्य ठेवा. उत्तर येतं 330 मीटरच्या आसपास. मुलं खूश होतात. मग विरोधाच्या रकान्यात वेगाचा वर्ग गुणिले 0.000226 लिहा. हा आकडा अडीच सेंटीमीटर जाडीच्या साध्या रॉकेटचा आहे. उंची एकदम 215 मीटरपर्यंत उतरते. जाडी दुप्पट करून पाच सेंटीमीटर घेतली तर समोरचं क्षेत्रफळ चौपट, विरोधाचा आकडाही चौपट, आणि उंची साधारण 125 मीटर. इंजिन तेच, वजन तेच. नुसत्या हवेने एवढं खाल्लं हे मुलांना खरंच वाटत नव्हतं. विज्ञानाच्या पुस्तकातला "हवेचा विरोध नगण्य मानू" हा शब्द किती महाग पडतो, ते मलाही त्या दिवशी नव्याने कळलं.

जळलेल्या इंधनाने वजन थोडं घटतं, ते आपण इथे सोडून दिलंय. पायरी 0.1 ऐवजी 0.05 सेकंद करून पाहा. उत्तर फारसं हललं नाही तर हिशेब बरा आहे.

शीट एक गोष्ट मात्र सांगत नाही. रॉकेट सरळ जाईल की गटांगळ्या खाईल? त्यासाठी दोन बिंदू पाहावे लागतात. एक गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट बोटावर जिथे तोललं जातं ती जागा. दुसरा दाबकेंद्र, जिथे हवेचा सगळा जोर एकवटतो. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे, निदान रॉकेटच्या जाडीइतकं मागे हवं. म्हणूनच मागे पंख लावतात. हैदर अली आणि टिपू सुलतानच्या लोखंडी रॉकेटना लांब बांबू बांधलेला असे, त्याचंही काम हेच, आणि दिवाळीच्या रॉकेटच्या काडीचंही. अब्दुल कलाम साहेब 1963 च्या सुमाराला नासाच्या वॉलप्स केंद्रात गेले, तेव्हा तिथे भिंतीवर टिपूच्या रॉकेटांचं चित्र बघून थबकले होते. दाबकेंद्राचं गणित नासाच्या जेम्स बॅरोमन यांनी 1960 च्या दशकात सोपं करून दिलं आणि ओपनरॉकेट आजही त्यावरच उभं आहे. घरी करायचं तर रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यावर कापून ती बोटावर तोला. तो बिंदू म्हणजे दाबकेंद्राचा ढोबळ अंदाज.

मैदानात आम्ही उडवलं ते पाण्याचं रॉकेट. थंड पेयाची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप. दाब 40 पीएसआयच्या वर नेला नाही, ओरखडे पडलेली बाटली घेतली नाही, पंपाला लांब नळी जोडली आणि सगळ्यांना मागे उभं केलं. इथे वरची शीट चालत नाही, कारण बाटलीतलं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागातच संपतं, म्हणजे आपल्या एका ओळीतच सगळा खेळ खलास. नासाच्या ग्लेन केंद्राचं रॉकेटमॉडेलर ब्राउझरमध्ये उघडतं, त्यात पाण्याच्या रॉकेटचा पर्याय आहे. मोठ्या पडद्यावर बघितलेलं बरं.

उंची मोजायला 30 मीटर लांब उभं राहायचं आणि कोनमापकाने कोन घ्यायचा. 45 अंश आला तर उंची 30 मीटर, अधिक आपल्या डोळ्यांची उंची. आमची बाटली हिशेबापेक्षा बरीच खाली राहिली. दुपारची वेळ, खाडीच्या तोंडातून समुद्राचा वारा सुटलेला, आणि पंख असलेलं रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतं. ते तिरकं झालं आणि समुद्राकडे झुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना उडवलं तर बरंच सरळ गेलं.

कॉलेजातल्या मुलांना खरं इंजिन वापरायचंच असेल तर सरळ मार्ग आहे. इन-स्पेस या सरकारी संस्थेने 2025 मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरला विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेट स्पर्धा भरवली होती.

फटाके आणणाऱ्या त्या मुलाचे अब्बा कतारमध्ये नोकरीला आहेत. त्याने शीट त्यांना शेअर केली. रात्री ड्यूटीवरून आल्यावर त्यांनी वजन 100 ग्रॅमवरून कमी करत पार 20 ग्रॅमपर्यंत नेऊन बघितलं आणि मुलाला व्हॉइस मेसेज टाकला: "बेटा, हलकं केलं तर वर जायला पाहिजे ना? मग अब्बाने अजून हलकं केल्यावर खाली का आलं?" मुलाने मेसेज मला ऐकवला. मी त्याला म्हटलं, दगड आणि पीस एकाच जोराने फेकून बघ, मग 80, 60, 40, 20 ग्रॅम असे सगळे आकडे घालून आलेख काढ. तो अजून काढतोय.