हूड बदला, चेसिसला हात लावू नका

धाराशिव जिल्ह्यात वरून उघडी होणारी स्वस्त जुनी गाडी शोधायला कुणी निघालं, तर त्याच्या हाती परदेशी दोन-दारी मोटार लागणार नाही. लागेल ती हूडची जीप. महिंद्राची जुनी सीजे, ऐंशीच्या दशकात आलेली एमएम-५४०, काळी-पिवळी म्हणून गावोगावच्या रस्त्यांवर राबलेली कमांडर, नाहीतर लिलावातून बाहेर पडलेली मारुतीची जिप्सी. २०२० मध्ये थारचं नवं रूप आलं तेव्हा अशा गाडीची हौस पुन्हा जागी झाली. नव्या थारचा खर्च न परवडणारे जुन्या जीपकडे वळतात, आणि हौसेबरोबर बरेच गैरसमजही पदरात घेतात. हे गैरसमज वरवर वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच आहे. आपण गाडी म्हणजे तिची बॉडी समजतो. जीपच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. तिची ताकद, तिची सुरक्षितता आणि कायद्याच्या दृष्टीने तिची ओळख, तिन्ही गोष्टी चेसिसमध्ये असतात. हे एकदा पटलं की दुरुस्ती कुठे भरपूर करायची आणि बदल कुठे थांबवायचा, याचा निर्णय सोपा होतो.

पहिला समज असा की छत काढलं की कोणतीही गाडी उघडी आणि हलकी होते. वरातीसाठी जुन्या हॅचबॅकचं छत कापून नवरदेवाची गाडी बनवण्याची कल्पना इथूनच येते. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस नसते. फरशी, खांब आणि छत मिळून एकच सांगाडा तयार होतो आणि रस्त्याचा पीळ तो सगळा मिळून झेलतो. त्यातलं छत गेलं की खड्ड्यात गाडी पिळवटते, दारं नीट लागत नाहीत, समोरच्या काचेला तडे जातात, आणि अपघातात मधला भाग दुमडू शकतो. म्हणूनच कारखाने जेव्हा अशा मोटारीची उघडी आवृत्ती काढतात, तेव्हा फरशीला आणि दाराखालच्या पट्ट्यांना जादा पोलाद घालतात, आणि ती छताच्या गाडीपेक्षा सहसा जड भरते. जीपचं तसं नाही. दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी शिडीसारखी चेसिस खाली असते, आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. हूड असलं काय, नसलं काय, ताकदीत फरक पडत नाही. जिप्सीचीही रचना अशीच आहे. उघडी गाडी हवी असेल तर जन्मतःच उघडी असलेली घ्यावी. कापून उघडी केलेली घेऊ नये.

पण चेसिसवर सगळा भार असल्यामुळेच ती कुजलेली असेल तर वरचा चकचकीत रंग फसवतो. 'आपल्याकडे कोरडी हवा, मराठवाड्यातल्या गाडीला गंज लागत नाही' असं सर्रास म्हटलं जातं. यात अर्धं सत्य आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या खाऱ्या, दमट हवेच्या मानाने इथला पत्रा जास्त टिकतो, आणि म्हणूनच गाडी मूळची कुठली आहे हे विचारण्यात अर्थ आहे. मात्र आपल्याकडची काळी माती ओल धरून ठेवते. शेतरस्त्यावर चाललेल्या जीपच्या दांड्यांच्या कोनाकोपऱ्यांत ती घट्ट बसते, पावसाळा संपला तरी आत ओलसर राहते आणि लोखंड आतून खाते. बाहेरून दिसतं ते फक्त रंगाचे पापुद्रे. बॉडी चेसिसला जिथे टेकते त्या जागा, पायाखालच्या मॅटखालची फरशी आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर ठोकून, खरवडून पाहायला हवेत. पत्र्यावर साधं लोहचुंबक फिरवलं तरी खूप कळतं. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे आणि खाली पत्रा कदाचित उरलेलाच नाही. कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करणं ही दुरुस्ती. त्यावर पुट्टी फासणं ही केवळ लपवाछपवी. पैसे कमी असतील तर रंग पुढच्या वर्षी करावा, पण वेल्डिंगमध्ये काटकसर करू नये.

गाडी पंधरा वर्षांची झाली की ती भंगार, चालवणं बेकायदा, हा समज तर सरकारी आदेशासारखा पसरला आहे. दिल्ली आणि तिच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशाने निर्बंध आले. त्यांच्या बातम्या इकडे पोचल्या. ते दिल्लीपुरते होते हा तपशील मागे राहिला. २०२१ चं भंगार धोरणही खाजगी गाडीला वयामुळे मोडीत काढत नाही. पंधरा वर्षांनंतर अनिवार्यपणे बाद होतात त्या सरकारी गाड्या, आणि तेही १ एप्रिल २०२३ पासून. खाजगी गाडीची नोंदणी मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार पंधरा वर्षं चालते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. एमएच-२५ ची जीप धाराशिवच्या कार्यालयात दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि नूतनीकरणाचं शुल्क आता पूर्वीसारखं नाममात्र राहिलेलं नाही. मुदत उलटून गेली तर दंड महिन्यागणिक वाढतो. म्हणजे कायदा जुन्या गाडीला नाही म्हणत नाही. तो तिची दर पाच वर्षांनी परीक्षा घेतो, आणि त्या परीक्षेत पहिल्यांदा चेसिसवरचा क्रमांक पाहिला जातो.

इथून सर्वांत महागात पडणाऱ्या गैरसमजाकडे येऊ. 'गाडी माझी, पैसे माझे, मी काहीही बदलीन.' अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच स्पष्टपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मात्र याचा अर्थ एक स्क्रूही बदलायचा नाही असा होत नाही. कायद्याला अभिप्रेत असलेला बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला, तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा बदल. नवं हूड, नव्या गाद्या, नवी वायरिंग, त्याच मापाची नवी चाकं त्यात येत नाहीत. रंग पूर्ण बदलला तर आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. चेसिस कापून लांब किंवा आखूड करणं, दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं, दोन गाड्यांची एक करणं, हे मात्र रचनेवरचे घाव आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप खोटा नाही. अशा जीपा रोज रस्त्यावर दिसतात. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावात तर जीप नव्याने घडवण्याचा मोठा धंदाच आहे. मग अडतं कुठे? अडतं ते विकताना, नूतनीकरणाच्या वेळी आणि अपघातानंतर. नाक्यावरचा पोलीस सोडून देतो म्हणून विमा कंपनी सोडून देत नाही. न कळवलेला बदल हे दावा नाकारायला तिच्या हातातलं कारण ठरतं. लष्कराच्या लिलावातल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जीपांत तर खास सावध राहावं. लिलावात कधी चालती गाडी विकली जाते, कधी केवळ भंगार. भंगार म्हणून गेलेल्या गाडीचे सुटे भाग जोडून केलेली जीप जुन्या कुठल्यातरी कागदावर रस्त्यावर येते, तेव्हा खरेदीदाराच्या हातात कागद एका गाडीचा आणि लोखंड दुसऱ्या गाडीचं असतं. काळी-पिवळीतून निघालेल्या कमांडरचा प्रश्न वेगळा, पण सोडवता येण्याजोगा आहे. तिची नोंद प्रवासी वाहन म्हणून असते. परमिट रद्द करून, थकलेला कर भरून ती खाजगीत घ्यावी लागते, आणि हे काम विकणाऱ्याकडून आधी करून घ्यावं. नुसत्या शब्दावर व्यवहार करू नये. पेट्रोल जीपमध्ये पूर्वी कुणी डिझेल इंजिन बसवलं असेल, आणि असं पुष्कळ जीपांत झालेलं आहे, तर आरसीवरचं इंधन आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्षाशी जुळतो का, हे इंजिन सुरू करून पाहण्याच्याही आधी पाहावं.

मोठे टायर आणि उंच केलेली गाडी म्हणजे दणकट गाडी, हा समज तरुणांमध्ये सर्वाधिक आहे. जुन्या सीजेला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर येत. त्यांचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच भरतो. त्या जागी एकतीस इंची टायर घातले तर प्रत्येक फेऱ्यात गाडी सुमारे नऊ टक्के जास्त पुढे जाते. मीटर साठ दाखवतो तेव्हा वेग पासष्ट असतो. इंजिनाला ओढायला त्रास होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि त्याच ब्रेकड्रमची रस्त्यावरची पकड त्याच प्रमाणात घटते. वर गाडी उचलली की गुरुत्वमध्य वर जातो, आणि बालाघाटाच्या घाटवळणांवर आखूड, अरुंद जीप कलंडण्याची शक्यता वाढते. चिखलात अरुंद टायर खाली कडक थरापर्यंत जाऊन पकड घेतो, हा जुन्या ड्रायव्हरांचा अनुभव काळ्या मातीत आजही खरा ठरतो. इतक्या पैशांत करण्याजोगं खरं काम ब्रेकचं आहे. जुन्या सीजेत चारही चाकांच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग असतो. एक होज फुटला की पॅडल थेट फरशीला टेकतं आणि एकाही चाकाला ब्रेक लागत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे ठेवणारा दुहेरी सिलिंडर अनुभवी मिस्त्रीकडून बसवून घेणं, सगळे पाइप आणि होज नवे टाकणं, हा बदल कुणाच्या नजरेत भरत नाही. जीव वाचवण्याच्या बाबतीत मात्र त्याची बरोबरी दुसरा कुठला बदल करत नाही.

रोल बारचंही तेच. मागे चमकणारा पाइप संरक्षण देतो असं मानलं जातं, पण तो नुसत्या पत्र्याला बोल्ट केलेला असेल तर गाडी उलटल्यावर पत्रा फाडून खाली येतो. त्याचे पाय खाली चेसिसपर्यंत पोचायला हवेत. आणि बेल्ट नसेल तर मजबूत रोल बार हा डोकं आपटायला आणखी एक लोखंडी दांडा ठरतो. पुढच्या बुल गार्डला डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बेकायदा ठरवलं, ते योग्यच होतं: तो धडकेचा जोर थेट चेसिसवर नेतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त जखमी करतो. दिव्यांच्या बाबतीत जादा वॅटचे बल्ब घालण्यापेक्षा रिले टाकून जाड वायर ओढावी. जुन्या वायरिंगमध्ये वाटेत हरवणारा व्होल्टेज बल्बपर्यंत पोचला की नियमातला साधा हॅलोजनही पुरेसा उजेड देतो, आणि सोलापूर रस्त्यावर समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

पेट्रोल जीप किंवा जिप्सी घेणाऱ्याने एक नवी गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना इथेनॉल परकं नाही, पण जुन्या कार्ब्युरेटरचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. होज, पंपाचा पडदा, गॅस्केट कालांतराने फुगतात किंवा चिरतात, आणि पेट्रोलची गळती गरम इंजिनावर झाली तर आग लागू शकते. 'जुनं इंजिन आता चालणारच नाही' हे मात्र खरं नाही. इथेनॉल सोसणारे होज आणि पडदे टाकले, कार्ब्युरेटर पुन्हा जुळवला, की ते चालतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, म्हणून महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. फिल्टर बदलत राहावं.

हूडविषयी फार काही सांगण्यासारखं नाही. चांगला गादीवाला ते शिवून देतो. स्वस्त रेक्झिन इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात कडक होऊन घड्यांवर तडकतं, म्हणून जाड कॅनव्हास घ्यावा आणि शिवण पॉलिस्टर दोऱ्याची मागावी. सुती दोरा कापडाच्या आधी सडतो. हा खर्च छोटा आहे आणि उघड्या जीपचं रूप त्यानेच सर्वांत जास्त बदलतं.

मूळ रूप जपण्याने फायदा काय, असं विचारणाऱ्यांसाठी २०२१ चे केंद्रीय नियम वाचण्याजोगे आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षं. १९७५ च्या आधीची, मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन शाबूत असलेली सीजे-३बी आज वयाने या नियमात बसते. तीच जीप कुणी डिझेल करून, लांबवून, उंच करून ठेवली असेल तर बसत नाही. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, संशोधन, आणि इंधन वा देखभालीसाठी नेणं, एवढीच तिची मुभा. शेतावर आणि तुळजापूरला जायला जीप हवी असेल, तर साधी नोंदणी ठेवून ती दर पाच वर्षांनी वाढवत राहणंच सोयीचं.